सात शिलिंगांची सोनेरी भुकटी

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीचे दिवस. अनेक शाळांत या सुमारास कार्यानुभवाच्या तासाला शुभेच्छापत्रे तयार करतात. भेंडी आडवी कापून तिचा ठसा, बटाट्यावर कोरलेली पणती, जलरंगाचे एक-दोन हात आणि शेवटी कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेला बेगडाचा तुकडा. बेगड मिळाला नाही तर चॉकलेटच्या वेष्टनातली ‘चांदी’. रंगाने माखलेले हात घेऊन मुले वर्गभर हिंडतात, शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते, आणि अभ्यासक्रम मागे पडला असेल तर हा तास गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकला जातो. ‘चिकटवाचिकटवी काय, घरी करा,’ असे मुलांना सांगितले जाते.

अशाच एका तासाला एका मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या लक्षात राहिला आहे. तिने घरातून आणलेल्या बाटलीतली सोनेरी पावडर डिंकाच्या पाण्यात कालवून ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे काढली होती. शेजारणीने पिवळ्या जलरंगाने काढली होती. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून ती म्हणाली, ‘दोन्ही पिवळेच, मग माझेच का चमकते? यात खरे सोने आहे का?’ मला तेव्हा एवढेच सांगता आले की ते सोने नव्हे, पितळ असते. ‘मग आमच्या दाराची कडी पितळेची आहे, ती का नाही अशी चमकत?’ हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

ते शोधायला गेलो तेव्हा इंग्लंडमधल्या एका घरगुती प्रसंगापाशी येऊन पोचलो. तिथेही फुलांची जलरंगातली चित्रे होती, सोनेरी अक्षरे काढायची होती आणि जवळजवळ हाच प्रश्न होता. त्या प्रश्नाचा शेवट मात्र पोलादाच्या कारखान्यात झाला.

एक शिलिंगाचे शुभेच्छापत्र

प्रसंग १८४० च्या सुमाराचा, लंडनचा. १८४० साली ब्रिटनमध्ये ‘पेनी पोस्ट’ सुरू झाले. तोपर्यंत टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा पत्र घेणाराच तो भरत असे. आता अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशात कुठेही जाऊ लागले. रोलंड हिल यांच्या या योजनेसाठी खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल हे एक होते.

पत्रे स्वस्त झाली तशी ती वाढली, आणि ज्यांचा गोतावळा मोठा त्यांना नाताळात सर्वांना पत्रे लिहिणे जड जाऊ लागले. १८४३ साली कोल यांनी त्यावर तोड काढली. जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून त्यांनी एक चित्र काढून घेतले. मधोमध मेजवानीला बसलेले कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र दिले जात असल्याची दृश्ये. हे चित्र जाड कागदावर छापून घेतले आणि स्वतःला लागतील तेवढ्या प्रती ठेवून उरलेल्या विकायला काढल्या. व्यापारासाठी छापलेले पहिले नाताळचे शुभेच्छापत्र म्हणून हेच ओळखले जाते. सुमारे हजार प्रती निघाल्या आणि प्रत्येकीची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे १२ पेन्स. ज्या टपालाने ते जायचे त्याच्या बारापट!

ते एवढे महाग का होते? कारण ते छापील असूनही हाताने केलेले होते. शिळाछापाने फक्त बाह्यरेषा छापल्या जात. प्रत्येक प्रतीत लाल, निळा, हिरवा रंग भरायचा तो कुंचल्याने, एकेक करून. त्या काळी रंगीत पुस्तके आणि चित्रे बहुधा अशीच होत. टेबलाभोवती रंग भरणारे बसत, त्यांत बायका आणि मुलेही असत. एकाने सर्व प्रतींतला फक्त लाल रंग भरायचा, पुढच्याने फक्त निळा. आपण वर्गात ज्याला हौस म्हणतो ते त्यांचे पोटापाण्याचे काम होते.

हाताला लागणारा वेळ हीच त्या काळातल्या सजावटीची खरी किंमत होती. आपल्या गोष्टीतला माणूस नेमका याच ठिकाणी बोट ठेवणार होता.

ठसे करणारा तरुण

त्याचे नाव हेन्री बेसेमर. शाळेत आपण हे नाव पोलादाच्या धड्यात शिकवतो. परंतु ठसा, जलरंग आणि सोनेरी मुलामा या शुभेच्छापत्राच्या तिन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात पोलादाच्या पुष्कळ आधी येऊन गेल्या होत्या.

बेसेमरचा जन्म १८१३ सालचा, हार्टफर्डशायरमधल्या चार्लटन गावचा. वडील छापखान्याचे खिळे ओतण्याचा व्यवसाय करत. धातू वितळवणे, साचा करणे, अक्षराचे वळण अचूक उतरवणे हे मुलाने घरातच पाहिले. रीतसर उच्च शिक्षण त्याला मिळाले नाही. १८३० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो लंडनला आला आणि पाने, फुले यांचे हुबेहूब साचे घेऊन त्यांच्या धातूच्या प्रतिकृती करू लागला. पुढे पुठ्ठा, कातडे आणि मखमल यांवर दाबून उठावाची नक्षी काढण्याचे ठसेही तो तयार करू लागला.

या कौशल्यातूनच त्याला एक धोका दिसला. मालमत्तेच्या दस्तांवर त्या काळी सरकारी मुद्रांकाचा उठावदार ठसा असावा लागे. आपल्याकडच्या स्टँपपेपरचाच हा प्रकार. जुन्या, निरुपयोगी दस्तांवरचे मुद्रांक काढून ते नव्या दस्तांना लावले जात आणि सरकारचा महसूल बुडे. कागदावरच्या उठावाचा साचा घेऊन नकली ठसा बनवणे किती सोपे आहे हेही बेसेमरला ठाऊक होते, कारण ते त्याचे रोजचेच काम होते. १८३३ साली त्याने मुद्रांक कार्यालयाला एक नवा ठसा करून दाखवला. तो कागदावर शेकडो बारीक छिद्रे पाडी. छिद्रांचा साचा घेता येत नाही आणि असा मुद्रांक उचकटून दुसरीकडे लावताही येत नाही. अधिकारी प्रसन्न झाले. बक्षिसाऐवजी मुद्रांक अधीक्षकाची कायमची नोकरी देण्याचे ठरले. ॲन ॲलन हिच्याशी त्याचे लग्न ठरले होते, तेव्हा ही नोकरी त्याला हवीच होती.

आनंदाने त्याने हा नवा ठसा ॲनला समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले की, मुद्रांकावर तारीखच घातली तर? मग जुना मुद्रांक पुन्हा वापरताच येणार नाही. बेसेमर चकित झाला. छिद्रांच्या ठशासाठी कार्यालयाची सगळी व्यवस्था बदलावी लागली असती. तारखेसाठी जुन्याच ठशाला तीन भोके पाडून त्यांत दिवस, महिना आणि वर्ष यांचे बदलते आकडे बसवले की काम भागत होते. त्याने ही युक्तीही प्रामाणिकपणे कार्यालयाला कळवली. ती लगेच स्वीकारली गेली. मात्र आता जुनीच माणसे आणि जुनीच यंत्रे पुरेशी होती. नव्या अधीक्षकाची गरज उरली नाही. नोकरी गेली, पैसाही मिळाला नाही. लेखी करार केलेला नव्हता आणि पेटंटही घेतलेले नव्हते. पुढे १८७९ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी, सरकारने त्याला ‘सर’ हा किताब दिला तो या जुन्या उपकाराची भरपाई म्हणून.

हा अनुभव ध्यानात ठेवू या. पुढच्या प्रसंगी बेसेमर असा का वागला ते त्यावरून कळते.

बहिणीचा चित्रसंग्रह

बेसेमरच्या थोरल्या बहिणीने फुलांची जलरंगातली चित्रे काढली होती. ती तिने एका चित्रसंग्रहात लावली आणि मुखपृष्ठावरची अक्षरे भावाने काढून द्यावीत असे तिला वाटले. अक्षरांचे वळण हे त्याच्या घरचेच काम. शाईने लिहिण्यापेक्षा सोनेरी अक्षरे शोभतील, असे त्याने ठरवले.

सोनेरी अक्षरांची पद्धत जुनी होती. खऱ्या सोन्याचा वर्ख मधात खलून बारीक करायचा, मध पाण्याने धुऊन टाकायचा आणि उरलेली भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून कुंचल्याने लावायची. जलरंगाची रीत तीच आहे. रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना कागदाला धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक. १७८० नंतर लंडनमध्ये या मिश्रणाच्या तयार वड्या मिळू लागल्या आणि घरी रंग खलण्याचे काम संपले. १८३५ च्या सुमारास त्यांत ग्लिसरीन घालून ओलसर रंगही विकले जाऊ लागले. फावल्या वेळात फुले रंगवणे मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना शक्य झाले ते या सोयीमुळे.

बेसेमर रंगविक्याकडे गेला आणि दोन वेगवेगळ्या छटांची सोनेरी भुकटी एकेक औंस मागितली. औंसाला सात शिलिंग! एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. हॉर्सलीच्या चित्राची हाताने रंगवलेली सात शुभेच्छापत्रे तेवढ्यात आली असती. खरे सोने याहून कितीतरी महाग असते, तेव्हा हे सोने नव्हे हे उघड होते. घरी तपासल्यावर ते तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, म्हणजे पितळ निघाले. आता हिशेब करून पाहा. औंसाला सात शिलिंग म्हणजे पौंडभर भुकटीला ११२ शिलिंग, आणि पौंडभर पितळ मात्र काही पेन्सना मिळत होते. मग मधला एवढा पैसा कशाचा?

तो हातांचा होता. ही भुकटी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग भागातून येई. कारागीर पितळ ठोकून त्याचा वर्खासारखा पातळ पत्रा करत, मग तो मधासारख्या चिकट द्रवात संगमरवरी पाट्यावर खलत, आणि शेवटी धुऊन, वाळवून, चाळून बाजारात पाठवत. पाटा-वरवंट्यावर बसून केलेल्या कित्येक तासांच्या श्रमांची ती किंमत होती. बेसेमरच्या मनात आले की हे काम वाफेच्या यंत्राने का होऊ नये?

इथे एक सावधगिरीची सूचना. ही हकीकत आपल्याला कळते ती बेसेमरच्या आत्मचरित्रातून, आणि ते त्याने म्हातारपणी लिहिले. त्याचा मृत्यू १८९८ सालचा आणि पुस्तक छापले गेले १९०५ मध्ये. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी माणूस सांगतो तेव्हा त्या थोड्या गोळीबंद होतात. बहिणीचा चित्रसंग्रह ही सुरुवात त्याने सांगितली तशीच घडली असेल किंवा थोडी निराळीही. परंतु त्यातून उभा राहिलेला कारखाना आणि त्या कारखान्याने मिळवून दिलेला पैसा यांबद्दल शंका नाही.

सूक्ष्मदर्शकातले उत्तर

पहिल्या प्रयत्नात त्याने पितळ यंत्राने अतिशय बारीक कापून भुकटी केली. कण हवे तेवढे बारीक झाले, धातू तोच होता, पण चमक नाही! कागदावर लावली तर निव्वळ मळकट पिवळट पूड. त्याने काम सोडून दिले.

सुमारे वर्षभराने तो पुन्हा त्याकडे वळला तो सूक्ष्मदर्शक घेऊनच. विकतच्या भुकटीचे कण त्याने भिंगाखाली पाहिले, मग स्वतःचे पाहिले, आणि फरक लगेच दिसला. न्यूरेंबर्गचे कण म्हणजे पातळ, सपाट पापुद्रे होते, फाटलेल्या वर्खाच्या कपट्यांसारखे. त्याचे स्वतःचे कण सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या कीसासारखे वळलेले, खडबडीत होते. धातू तोच आणि बारीकपणाही तोच, फक्त आकार निराळा.

माझ्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. एखादा पृष्ठभाग चकाकतो तेव्हा त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत येतो. आरशाचे परावर्तन ते हेच. सपाट पापुद्रा म्हणजे इवलासा आरसा. डिंकाच्या पाण्यातून असे हजारो पापुद्रे कागदावर पसरले आणि पाणी सुकू लागले की पातळ होत जाणारा थर त्यांना आडवे निजवतो. कौलांसारखे ते एकमेकांवर येतात आणि सगळे मिळून एका मोठ्या आरशासारखे वागतात. वळलेले, खडबडीत कण मात्र प्रत्येक दिशेला थोडा थोडा प्रकाश फेकतात. शिवाय काही प्रकाश कणांमधल्या फटींत शिरतो, इकडून तिकडे आपटतो, दर वेळी थोडा शोषला जातो आणि बाहेर येतच नाही. म्हणून धातूची साधी पूड मूळ धातूपेक्षा काळपट दिसते. जुन्या कृष्णधवल छायाचित्राच्या फिल्मवरचा काळा भाग म्हणजे चांदीचेच बारीक कण असतात, हे मुलांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही.

पिवळ्या जलरंगाचे काय? त्यातले कण धातूचे नसतात. ते पांढऱ्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषतात आणि उरलेला सर्व दिशांना विखुरतात. म्हणून तो रंग कुठूनही पाहिला तरी सारखाच दिसतो. सोनेरी अक्षर मात्र पत्र हलवले की कधी उजळते, कधी काळवंडते. चमक म्हणजे निव्वळ रंग नाही, दिशेनुसार बदलणारा प्रकाश आहे. आणि दाराची कडी? तिच्यावर ओरखडे पडलेले असतात आणि हवेमुळे गंज चढलेला असतो. चिंच लावून घासली की ती पुन्हा चमकते, हे प्रत्येक घरात माहीत आहे.

वर्गात करून पाहा

१. ॲल्युमिनियमच्या पन्नीचे तीन सारखे तुकडे घ्या. पहिला सपाट ठेवा. दुसरा चुरगळून पुन्हा उलगडा. तिसऱ्याचे कात्रीने होतील तितके बारीक कपटे करा आणि त्यांतले निम्मे बोटांनी चोळून गोळ्या करा. कपटे आणि गोळ्या दोन वेगळ्या कागदांवर डिंकाने चिकटवा. खोलीत अंधार करून चारही नमुन्यांवर विजेरीचा झोत तिरपा टाका आणि समोरच्या भिंतीवर काय दिसते ते पाहा. भिंतीवरचा कवडसा कोणत्या नमुन्यापासून स्पष्ट पडतो आणि कोणत्यापासून पडतच नाही?

२. किल्ल्या करणाऱ्याकडे पितळेच्या किल्ल्या कानशीने घासताना पडलेला चुरा मिळतो. तो आणि दुकानातली सोनेरी पावडर अगदी थोडी थोडी घेऊन डिंकाच्या पाण्यात कालवा, दोन अक्षरे काढा आणि भिंगातून पाहा. सोनेरी पावडर फार हलकी असते. ती फुंकू नका, नाकातोंडात जाऊ देऊ नका आणि हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

३. सोनेरी अक्षरांचे एक पत्र वर्गात टांगून ठेवा आणि एक पुस्तकात बंद करून ठेवा. वर्षअखेर दोन्ही शेजारी ठेवून तुलना करा. पितळेतल्या तांब्यावर हवेचा परिणाम होतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतले सोने अजून झळकते, कारण खरे सोने हवेला दाद देत नाही.

४. वरच्या वर्गांसाठी एक गणित. सोन्याच्या वर्खाची जाडी साधारण ०.१ मायक्रोमीटर धरा. सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. एक ग्रॅम सोन्याचा वर्ख किती जागा झाकेल? उत्तर जवळजवळ अर्धा चौरस मीटर येते. असा वर्ख प्रकाशासमोर धरला तर पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली याच वर्खावर आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रयोग करून दाखवले की धातूचा रंग त्याच्या कणांच्या आकारावर अवलंबून असतो.

कुलपाआडचा कारखाना

उत्तर सापडल्यावर यंत्राची दिशा ठरली. पितळेचे कण बारीक करायचे आणि ते दाबून सपाटही करायचे. आता प्रश्न होता तो पेटंटचा. पेटंट घ्यायचे तर यंत्राची रचना जाहीर करावी लागते. मग इतर लोक थोडाफार फरक करून तेच यंत्र उभारणार आणि किंमत कोसळणार. मुद्रांकाच्या वेळी मोकळेपणाने सगळे सांगून काय मिळाले हे बेसेमर विसरला नसणार. त्याने या वेळी पेटंट घेतलेच नाही. आराखड्यांचे तुकडे केले आणि यंत्राचे भाग निरनिराळ्या शहरांतल्या निरनिराळ्या कारखान्यांकडून करून घेतले. आपण कशाचा भाग बनवतो आहोत हे कोणालाच कळले नाही. लंडनच्या सेंट पँक्रस भागात त्याने कारखाना उभारला. यंत्राच्या खोल्या बंद असत आणि आत काम करायला फक्त विश्वासातले जवळचे नातलग. हे गुपित काही दशके टिकले.

भुकटी स्वस्त झाली तशी सोनेरी सजावट श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून खाली उतरली. तसबिरींच्या चौकटी, पुस्तकांची पुठ्ठापाने, भिंतीचे कागद आणि शुभेच्छापत्रेसुद्धा. छापखान्यात आधी चिकट रोगणाने अक्षर छापत आणि ते ओले असतानाच त्यावर भुकटी पसरून जास्तीची झटकून टाकत. काम सोपे होते, पण ती भुकटी कामगारांच्या नाकातोंडातही जाई. एका जागचे श्रम यंत्राने वाचवले की दुसऱ्या जागी नवा त्रास उभा राहतो, हेही या इतिहासातून मुलांपुढे ठेवण्यासारखे आहे.

सोन्यातून पोलाद

बेसेमर या व्यवसायात चांगलाच श्रीमंत झाला आणि त्या पैशावर त्याने पुढचे प्रयोग केले. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, १८५४ च्या सुमारास, त्याने तोफेच्या गोळ्यात एक सुधारणा सुचवली. त्यावर असा आक्षेप आला की असा जड गोळा ओतीव लोखंडाच्या तोफेला सोसणार नाही. तेव्हा तो चांगल्या धातूच्या शोधात लागला. लोखंडाचे त्याला विशेष ज्ञान नव्हते. परंतु स्वतःची भट्टी उभारायला, ती बिघडली तर दुसरी उभारायला त्याच्याजवळ पैसा होता आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

वितळलेल्या कच्च्या लोखंडातून त्याने जोराने हवा सोडली. हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोखंडातला कार्बन आणि सिलिकॉन जळतात, त्या जळण्यातून उष्णता निर्माण होते आणि वरून इंधन न घालताही धातू वितळलेलाच राहतो. ज्या कामाला कित्येक दिवस लागत ते वीस-तीस मिनिटांत होऊ लागले. ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथे त्याने या पद्धतीवर निबंध वाचला आणि कारखानदारांनी परवाने घेण्यासाठी गर्दी केली.

नंतर आली ती नामुष्की. इतरांनी ही पद्धत वापरली तर पोलाद ठिसूळ निघे. बेसेमरने योगायोगाने कमी फॉस्फरस असलेले लोखंड वापरले होते, इतरांच्या लोखंडात तो जास्त होता, आणि हवेच्या झोताने फॉस्फरस निघत नव्हता. वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. हाताशी पैसा नसता तर गोष्ट इथेच संपली असती. त्याने योग्य लोखंड शोधले आणि शेफिल्डमध्ये स्वतःचाच पोलादाचा कारखाना काढला. रॉबर्ट मशेट यांनी मँगनीजयुक्त लोखंड मिसळून पोलाद सुधारण्याची रीत काढली होती, तिचीही या पद्धतीला मोलाची मदत झाली. टनाला सुमारे ४० पौंड किमतीचे पोलाद काही वर्षांत सहा-सात पौंडांवर आले. रेल्वेचे रूळ, पूल, जहाजे, बाष्पपात्रे पोलादाची होऊ लागली. फॉस्फरसचा प्रश्न मात्र १८७८ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्यांचे चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी सोडवला.

बहिणीच्या फुलांच्या चित्रांमुळे पोलादाचे युग आले, असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. त्याच काळात इतरही लोक या शोधाच्या मागावर होते. अमेरिकेत विल्यम केली यांनी लोखंडात हवा सोडण्याचे प्रयोग स्वतंत्रपणे केले होते. परंतु बेसेमरच्या हाती प्रयोग करायला आणि अपयश पचवायला जे बळ होते ते सोनेरी भुकटीतून आले होते, हे खरे.

आजच्या पत्रिकेवरचे सोने

घरी आलेली एखादी लग्नपत्रिका घ्या. तिच्यावरचा सोनेरी गणपती बहुधा पितळेचाही नसतो. प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ फितीवर निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. तो थर इतका पातळ असतो की त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. त्यावर पिवळसर पारदर्शक लेप असतो. तापवलेला धातूचा ठसा ही फीत कागदावर दाबतो आणि ठशापुरता थर कागदाला चिकटतो. चमक ॲल्युमिनियमची, पिवळेपणा लेपाचा. बेसेमरला सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते इथेही लागू आहे. थर सपाट म्हणून तो चमकतो. पत्रिकेचा तो भाग चुरगळून पाहिला की लगेच पटेल.

पुन्हा कार्यानुभवाच्या तासाकडे येऊ या. या गोष्टीत दोन प्रश्न महत्त्वाचे ठरले. एक ॲनचा, की तारीखच घातली तर? दुसरा बेसेमरचा, की साधे पितळ एवढे महाग का? दोन्ही प्रश्न पडले ते वस्तू हातात असताना. ॲनच्या प्रश्नाचे श्रेय आणि मोल तिला फारसे मिळाले नाही. फुले रंगवणारी बहीण तर या इतिहासात ‘बेसेमरची बहीण’ एवढीच उरली. वर्गातही असे होते. प्रश्न विचारणारी मुले बाजूला राहतात आणि उत्तरे पाठ असणारी पुढे येतात.

त्या दिवशी मी त्या मुलीला ‘ते सोने नव्हे, पितळ’ एवढे सांगून पुढच्या बाकाकडे वळलो होतो. आज तो तास पुन्हा मिळाला तर मी दोन्ही शुभेच्छापत्रे उन्हात न्यायला सांगेन, आणि दप्तरातून भिंग काढून आधी तिच्याच हातात देईन.